हाताचा कंप थांबतो, बोलण्याचं काय?



गटांच्या बैठकांत हल्ली आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. घरात कुणाला तरी कंपवात असतो, म्हणजे पार्किन्सनचा आजार. सासऱ्यांना, आईला, कधी नवऱ्याला. मोबाइलवर कुणीतरी व्हिडिओ धाडलेला असतो. त्यात एका माणसाचा हात जोरात थरथरत असतो, डॉक्टर एक बटण दाबतात आणि हात शांत होतो. तो माणूस पेला उचलून घोटभर पाणीही पितो. मग बाया विचारतात, हे मेंदूचं ऑपरेशन आपल्या माणसाचं करावं का?

आम्ही तसे तीन-चार व्हिडिओ पाहिले. हात खरंच थांबतो, त्यात लबाडी नाही. पण सगळ्यांत मागे गाणं लावलेलं होतं. तो माणूस बोलतो कसा, हे एकातही ऐकू आलं नाही. आज आपण त्याच्यावरच बोलणार आहोत.

आधी आजाराचं थोडं. आपल्याकडे हात थरथरला की म्हातारपण म्हणतात, चाल मंदावली की गुडघे म्हणतात, आणि कुणी तर 'लकवा मारला' म्हणून मोकळं होतं. कंपवात म्हणजे लकवा नव्हे. लकव्यात मेंदूचा रक्तपुरवठा एकाएकी तुटतो. कंपवात हळूहळू, वर्षानुवर्षं वाढतो. मेंदूच्या आत खोलवर एक काळपट भाग असतो, तिथल्या पेशी डोपामिन नावाचं द्रव्य तयार करतात. हालचाल सुरळीत व्हायला ते वंगणासारखं लागतं. या पेशी झिजत जातात, तसं अंग आखडतं, चाल बारीक होते, हात कापतो. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ साली यावर पुस्तिका लिहिली, म्हणून त्यांचं नाव आजाराला मिळालं. रुग्णाचं बोलणं पुढे पुढे कळेनासं होतं, हे त्यांनीही तेव्हाच नोंदवलं आहे.

औषध म्हणून मुख्यतः लेवोडोपाची गोळी देतात. ही मेंदूत जाऊन डोपामिन बनते. आपल्या रानात खाजकुयली असते ना, जिची लव अंगाला लागली की जीव नकोसा होतो, तिच्या बियांतही हेच लेवोडोपा असतं. म्हणून कुणी बिया वाटून पाजायला जाऊ नका. पोटात किती गेलं याचा हिशोब राहत नाही, आणि वरून गोळी चालू असली तर घोटाळाच.

आता बोलण्याकडे येऊ. कंपवातात आवाज खाली येतो, एकसुरी होतो. ओठ-जीभ पुरती हलत नाहीत, त्यामुळे अक्षरं एकमेकांत मिसळतात. आणि गंमत अशी की हे त्या माणसाला स्वतःला कळत नाही. त्याला वाटतं आपण मोठ्यानंच बोलतोय, बायकोलाच कमी ऐकू येतं. किती घरांत यावरून भांडणं होत असतील! दोघंही खरं बोलत असतात. आपला आवाज किती मोठा आहे हे मोजणारं मेंदूतलं मापच या आजारात बिघडतं.

यात आपल्या मराठीची एक अडचण आहे. कंपवाताच्या माणसाचा श्वास वाक्य संपेपर्यंत पुरत नाही, शेवटचे शब्द तोंडातल्या तोंडात विरतात. आणि मराठीत कामाची गोष्ट शेवटीच असते. "मी उद्या दवाखान्यात येणार नाही." यातलं 'येणार नाही' गेलं, तर उरलं काय? "मी उद्या दवाखान्यात." घरचे समजतात, येणार. सकाळी रिक्षा दारात उभी राहते आणि म्हातारी हटून बसते. तिला हट्टी म्हणण्याआधी तिच्या वाक्याचं शेपूट ऐकलं होतं का, हे बघायला हवं. अशा घरांना आम्ही एक सोपी सवय सुचवतो. 'हो' किंवा 'नाही' आधी म्हणायचं, बाकीचं मागून. "नाही. दवाखान्यात उद्या नको." ताज्या श्वासावर महत्त्वाचा शब्द निघून जातो.

आता ऑपरेशन. पूर्वी कंप थांबवायला मेंदूतला एक ठिपका जाळून टाकत. एका बाजूचा जाळला तर बरेचदा निभावून जाई, पण दोन्ही बाजूंचे जाळले की अनेकांचं बोलणं कायमचं बिघडायचं. म्हणजे वाचेची किंमत मोजावी लागते हे डॉक्टरांना जुनंच ठाऊक आहे. १९८७ साली फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरात आलीम-लुई बेनाबिद या डॉक्टरांनी जाळण्याऐवजी तिथे सतत बारीक वीज सोडली आणि कंप थांबला. जाळलेलं परत आणता येत नाही, वीज मात्र कमी-जास्त करता येते, बंदही करता येते. हा मोठा फरक. पुढे १९९३ च्या सुमारास त्यांनी कंपवातासाठी मेंदूतली दुसरी एक जागा निवडली, आणि आज बहुतेक ऑपरेशनं तिथेच होतात. आपल्या देशात हे काम नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालं. मुंबईच्या जसलोक रुग्णालयातले डॉ. परेश दोशी यातले सुरुवातीचे. आता मुंबई-पुण्यात ते इतर ठिकाणीही होतं.

यात काय करतात? निवडलेली जागा चवळीच्या दाण्याएवढी असते. मेंदूच्या दोन्ही बाजूंना एक-एक. कवटीला लहान छिद्र पाडून सव्वा मिलिमीटर जाडीची तार तिथपर्यंत नेतात. तारेचं दुसरं टोक कातडीखालून, कानामागून, गळ्यावरून खाली आणतात आणि गळ्याच्या हाडाखाली बसवलेल्या बॅटरीच्या डबीला जोडतात. डबी सेकंदाला साधारण १३० वेळा विजेचा बारीक ठोका देते. तार बसवताना पुष्कळ ठिकाणी रुग्णाला जागं ठेवतात. मेंदूला स्वतःला दुखत नाही. त्या वेळी डॉक्टर त्याला वार म्हणायला लावतात, आकडे मोजायला लावतात. ते उगाच नसतं. वीज वाढवल्यावर जीभ अडखळते का, हे बघत असतात.

या ऑपरेशनचा एक ठोकताळा लक्षात ठेवण्यासारखा आहे. जे गोळीने सुधारतं, तेच ऑपरेशनने सुधारतं. हातापायांचा ताठपणा, मंद हालचाल गोळी लागू पडते तेव्हा कमी होते, ती ऑपरेशननेही कमी होते. नुसता कंप याला अपवाद आहे, तो गोळीला दाद देत नसला तरी ऑपरेशनने पुष्कळदा थांबतो. बोलणं मात्र गोळीने फारसं सुधारत नाही. म्हणून ऑपरेशनने ते सुधारेल ही आशाही धरू नये. उलट काहींचं ते बिघडतं.

किती बिघडतं? लंडनच्या डॉक्टरांनी २०११ साली ३२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ऑपरेशनआधी आणि वर्षभरानंतर त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं आणि ते ऐकणाऱ्याला किती कळतं हे मोजलं. हालचाल पुष्कळ सुधारली होती. बोलण्याची स्पष्टता मात्र सरासरी १४ ते १७ टक्क्यांनी घसरली होती. नुसत्या गोळ्यांवर असलेल्यांची घसरण त्या मानाने बरीच कमी होती. सरासरी म्हणजे सगळ्यांना सारखं नव्हे. काहींना काहीच झालं नाही, काहींचं बोलणं फारच बिघडलं. ज्यांचं बोलणं आधीच अस्पष्ट होतं आणि ज्यांचा आजार जुना होता, त्यांना धोका जास्त दिसला. तेव्हा आपल्या माणसाचं बोलणं आजच कळायला जड जात असेल, तर हे डॉक्टरांना ठणकावून सांगा. ते फक्त हात बघून बसतील असं होऊ देऊ नका.

असं का होतं, हे शेतातल्या बाईला पटकन समजेल. ठिबकची नळी आपल्या ओळीला लावलेली असते. पाणी कमी पडतं म्हणून दाब वाढवला की आपल्या पिकाला पोचतं, आणि धुऱ्यापलीकडे शेजाऱ्याच्या रानातही पाझरतं. मेंदूतल्या त्या चवळीच्या दाण्याला अगदी खेटून ओठ, जीभ, गळा हलवणाऱ्या शिरांचे जुडगे जातात. हाताचा कंप पुरता थांबावा म्हणून वीज वाढवली की ती या जुडग्यांत पाझरते. जीभ जड होते, बोलणं जाड येतं, काहींना तोतरल्यासारखं होतं. तार दोन-तीन मिलिमीटर सरकून बसली तरी फरक पडतो. त्यातही डाव्या बाजूची तार बोलण्याच्या दृष्टीनं जास्त नाजूक, कारण बहुतेक माणसांत भाषेचा कारभार मेंदूच्या डाव्या बाजूला असतो. अलीकडच्या काही तारांत वीज एकाच दिशेला सोडता येते, म्हणजे शेजाऱ्याच्या बाजूची छिद्रं बुजवल्यासारखं.

हे झालं उच्चाराचं. दुसरी गोष्ट शब्द सापडण्याची आहे, आणि ती घरच्यांच्या लवकर लक्षात येत नाही. या ऑपरेशननंतर भाषेत सगळ्यांत जास्त वेळा आढळलेला फरक असा की एका मिनिटात जितके शब्द आधी सुचायचे, तितके सुचत नाहीत. याची परीक्षा सोपी असते. डॉक्टर म्हणतात, एका मिनिटात आठवतील तितकी जनावरं सांगा. माणूस म्हणतो गाय, म्हैस, बैल, शेळी, आणि थांबतो. गोठ्यातली जनावरं संपली की रानाकडे वळायचं, कोल्हा, ससा, हरीण. ते संपलं की पाण्यातली. ही एका टोपलीतून दुसऱ्या टोपलीत हात घालण्याची चपळाई कमी होते. शब्द विसरलेला नसतो. तुम्ही 'हरीण' म्हटलं की त्याला लगेच कळतं. काहींना हा फरक वीज सुरू करण्याआधीच, नुसती तार आत गेल्यानंही दिसतो. रोजच्या जगण्यात तो असा दिसतो की माणूस कमी बोलायला लागतो. चार जणांत गप्पा सुरू असल्या की त्याचं वाक्य तयार होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. मग लोक म्हणतात, ऑपरेशन झाल्यापासून घुमा झाला, डोकं कमी झालं. बहुतेकांचं डोकं जागेवर असतं, फक्त शब्दाला उशीर होतो.

ही परीक्षा आपल्या बोलीत व्हायला हवी, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या तालुक्यात घरोघरी बोली वेगळी. कुणाची मराठी, कुणाची दखनी उर्दू, तांड्यावर गोरमाटी. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात घाईघाईत हिंदीतून विचारलं, तर तांड्यावरच्या आजीला मिनिटात पाचच जनावरं आठवतील आणि कागदावर लिहिलं जाईल की हिची बुद्धी मंदावली. अशा नोंदीमुळे एखादीला ऑपरेशनच नाकारलं जाऊ शकतं, कारण स्मृती फार खालावलेली असेल तर ते करत नाहीत. दुसरं, 'क पासून शब्द सांगा' अशीही परीक्षा असते. जी बाई शाळेतच गेली नाही, तिला 'क' काय नि 'ख' काय? तिनं बेधडक सांगावं की अक्षराचं नको, भाज्यांची नावं विचारा, स्वयंपाकघरातल्या वस्तू विचारा. बाजारात बसणारी बाई मिनिटात किती भाज्या सांगते ते डॉक्टरांना बघू द्या.

आता कुणी म्हणेल, एवढं सगळं असेल तर ऑपरेशन करूच नये. आमचं तसं म्हणणं नाही. गोळ्यांचा असर मध्येच उतरतो, माणूस खुर्चीत पुतळ्यासारखा होतो, किंवा गोळी जास्त झाली की अंग वेडंवाकडं हलत राहतं. अशा माणसाला या ऑपरेशननं पुन्हा स्वतःच्या हातानं जेवता येतं, कूस बदलता येते. ते सुख मोठं आहे, आणि त्याची काळजी घेणाऱ्या बाईची रात्रही त्यामुळे वाचते. आमचं म्हणणं एवढंच की सौदा काय आहे हे आधी कळावं. आणि ते ज्याच्या डोक्यात तार जाणार त्याला कळावं. ज्याचा कंप जाणार आणि ज्याची वाचा पणाला लागणार, तो माणूस एकच आहे. निर्णय मात्र बरेचदा मुलगा आणि जावई मिळून घेतात. कीर्तनकार असेल, शिक्षक असेल, गटाची अध्यक्षा असेल, तर तिला हाताच्या कंपापेक्षा आवाज जवळचा असू शकतो. तिला विचारा. उत्तराला वेळ लागेल, तेवढा द्या.

बिघडलेलं बोलणं कायमचंच असतं असंही नाही. जे विजेच्या पाझरण्यामुळे बिघडलं, ते वीज बदलून बरेचदा सुधारतं. डॉक्टर बाहेरून यंत्रानं ठोक्याचा जोर कमी करतात, तारेवरचा दुसरा बिंदू वापरतात, किंवा १३० ऐवजी ६०-८० ठोके ठेवून बघतात. काहींना रिमोटवर दोन जुळण्या देतात, एक चालताना वापरायची, एक चारचौघांत बोलताना. पण हे सगळं कधी होईल? बोलणं बिघडलंय हे डॉक्टरांना कुणी सांगितलं तर. आणि तपासणीच्या दिवशी माणूस नेमका नेटानं, बरं बोलतो.

म्हणून ऑपरेशन ठरलं की त्याच्या आधीच, शांत खोलीत, फोन हातभर अंतरावर ठेवून पाच मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करा. सात वार, एक ते वीस आकडे, नातवंडांची नावं, मिनिटभर जनावरं, मिनिटभर भाज्या. मग धपाटे कसे करतात किंवा कापूस कसा वेचतात हे त्याच्याच शब्दांत. गोळी किती वाजता घेतली होती तेही सुरुवातीला बोलून ठेवा. पुढे महिन्यानं, सहा महिन्यांनी, वर्षानं हेच पुन्हा. आधीचं आणि आताचं एकापाठोपाठ ऐकवलं की डॉक्टरांना तुम्ही काय म्हणताय ते क्षणात कळतं. सुनेच्या तक्रारीपेक्षा फोनची साक्ष जास्त चालते, हे खेदानं म्हणावं लागतं.

आवाजासाठी व्यायामही असतात, ऑपरेशन झालेलं असो वा नसो. त्यातला सगळ्यांत नावाजलेला एका बाईच्या नावानं ओळखला जातो. अमेरिकेत ली सिल्व्हरमन नावाच्या कंपवाताच्या रुग्ण होत्या. घरच्यांची इच्छा एवढीच की तिचं बोलणं आम्हाला ऐकू यावं, कळावं. त्यातून लोरेन रेमिग या वाचातज्ज्ञ बाईंनी १९८७ पासून ही पद्धत घडवली. चार आठवडे, आठवड्याला चार दिवस, एकच धडा: मोठ्यानं. लांब 'आ' काढायचा, रोजची दहा वाक्यं मोठ्यानं म्हणायची, आणि आपल्याला ओरडल्यासारखं वाटतं तेवढाच आवाज खरा बरोबर आहे हे अंगात मुरवायचं. वाचातज्ज्ञांचं शिक्षण देणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून आहे. आपल्या भागात वाचातज्ज्ञ मिळणं अवघड, पण काही जण व्हिडिओ कॉलवर शिकवतात. तोवर जात्यावरच्या ओव्या येत असतील त्यांनी त्या रोज मोठ्यानं म्हणाव्यात. ते काही औषध नव्हे. पण लयीत श्वास लांबतो, आणि बोलताना अडणारी जीभ गाताना पुष्कळांची सैल सुटते.

घरी बोलताना टीव्ही आणि मिक्सर बंद करा. समोर बसा, पाठमोऱ्या बोलू नका. गोळीचा असर चांगला असतो त्या वेळेला महत्त्वाचं विचारा. त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, मनात दहा आकडे मोजा. जेवताना वारंवार ठसका लागत असेल तर ते लगेच डॉक्टरांना सांगा. बोलणं आणि गिळणं याच स्नायूंवर चालतं, आणि घास श्वासनलिकेत गेला तर जिवावर बेतू शकतं.

खर्चाचं स्पष्ट बोलू. हे ऑपरेशन अनेकदा दहा लाखांच्या वर जातं. साधी बॅटरी तीन ते पाच वर्षांनी बदलावी लागते, तिचा खर्च पुन्हा वेगळा. चार्ज करायची बॅटरी जास्त टिकते पण महाग असते, आणि आपल्याकडच्या भारनियमनात चार्जिंगची काळजी घ्यावी लागते. शिवाय पहिल्या वर्षात वीज जुळवायला अनेक चकरा. जिंतूरला रेल्वे नाही. परभणीला जायचं, रात्रभर देवगिरी किंवा दिवसा तपोवन एक्स्प्रेसनं मुंबई, सोबत एक माणूस, दोघांची मजुरी बुडाली. एकर विकायचा विचार असेल तर या चकरांचे पैसे आधी बाजूला काढा. ऑपरेशन झालं आणि जुळवणीला जायला पैसे उरले नाहीत, तर सगळ्यांत आधी फटका बोलण्यालाच बसतो. सरकारी योजनेत काही बसतं का, हे मोठ्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सनचा आजार नावानिशी आहे, वाचा आणि भाषेचं अपंगत्वही आहे. पुष्कळांना हे माहीतच नसतं. जिल्हा रुग्णालयातून तपासणी करून प्रमाणपत्र काढता येतं, आणि ते ४० टक्के किंवा वर असेल तर सवलती लागू होतात. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईत २००१ पासून पार्किन्सन्स सोसायटी काम करते. तिथे ऑपरेशन झालेली माणसं भेटतात. शक्य असेल तर अशा एकाशी फोनवर बोला. तो काय सांगतो ते ऐकाच, पण सांगताना त्याचा आवाज कसा येतो, शब्दाला किती थांबतो, तेही ऐका. व्हिडिओत जे ऐकू आलं नाही, ते तिथे ऐकू येईल.

एक शेवटचं. अमेरिका-युरोपातल्या नोंदी सांगतात की हा आजार पुरुषांना जास्त होतो हे धरूनही, बायकांची ऑपरेशनं त्या मानानं कमीच होतात. आपल्याकडे म्हातारीचा आवाज बसला तर 'कमी बोलते, बरंय' असं हसत म्हणणारी घरं आम्हाला माहीत आहेत. तुमच्या गटात साठीच्या पुढची एखादी बाई अलीकडे बैठकीत गप्प बसत असेल, सही बारीक-बारीक होत गेली असेल, चालताना एक हात हलत नसेल, तर तिला जिंतूरच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा आणि मेंदूच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी मागा. जाताना गटाचं जुनं रजिस्टर सोबत न्या. पाच वर्षांपूर्वीची तिची सही आणि आताची सही डॉक्टरांसमोर शेजारी शेजारी ठेवा.